टायटॅनियमचं डायव्हर घड्याळ: हलकं का, महाग का, आणि पाणी नेमकं अडवतं कोण?

डायव्हर घड्याळाच्या माहितीपत्रकात दोन गोष्टी सगळ्यात ठळक छापलेल्या असतात: ‘टायटॅनियम’ आणि ‘२०० मीटर’. वाचणाऱ्याच्या मनात या दोन्हींची आपोआप गाठ बसते. धातू दर्जेदार आहे म्हणून घड्याळ खोल जातं, असा हिशोब होतो. पण २०० मीटरचं घड्याळ साध्या स्टीलचंही असतं, आणि टायटॅनियमचं घड्याळ जेमतेम ५० मीटरचंही असतं. पाणी अडवण्याचं काम करतात ते आत बसवलेले रबराचे गोल, ज्यांना गॅस्केट म्हणतात. त्यांची किंमत घड्याळाच्या किमतीपुढे नगण्य. कुकर कितीही जाड बुडाचा घेतला तरी रिंग कडक झाली की वाफ बाहेर येते, तोच प्रकार इथे.

म्हणून धातू आणि पाणी हे दोन विषय आधी वेगळे करून समजून घेऊ. ते जिथे खरोखर एकत्र येतात, ती जागा पुढे येईलच.

धातू आधी

टायटॅनियम दुर्मीळ आहे हा गैरसमज आहे. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मालगुंड या भागातल्या किनाऱ्यांवर काळसर वाळूचे पट्टे दिसतात. त्या वाळूत इल्मेनाइट असतं, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम यांचं एकत्रित ऑक्साइड. जगात निघणाऱ्या टायटॅनियम खनिजाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग धातू बनवायला जातच नाही. त्याची पांढरी पूड होते आणि ती भिंतीच्या रंगात, कागदात, प्लॅस्टिकमध्ये जाते.

अडचण खनिज मिळवण्याची नाही, त्यातून धातू सोडवण्याची आहे. टायटॅनियम ऑक्सिजनला इतकं घट्ट धरून असतं की लोखंडासारखं कोळशाबरोबर भट्टीत तापवून ते सुटत नाही. आधी क्लोरिन वापरून त्याचं टायटॅनियम टेट्राक्लोराइड करायचं, मग हवाबंद भांड्यात, आर्गॉन वायूच्या आवरणात, वितळलेल्या मॅग्नेशियमबरोबर त्याची क्रिया घडवायची. ही पद्धत लक्झेंबर्गचे विल्यम क्रोल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केली आणि आजही प्रामुख्याने तीच वापरली जाते. एकेक घाणा काढत चालणारं, वेळखाऊ आणि वीजखाऊ काम. शेवटी हाती येतो तो सच्छिद्र गोळा, ‘टायटॅनियम स्पंज’. भारतात केरळमधल्या चवरा इथे इस्रोच्या पाठबळावर २०११ मध्ये असा कारखाना उभा राहिला, कारण रॉकेटला हा धातू लागतो.

पुढे या स्पंजचे ठोकळे आणि सळ्या होतात, आणि मग घड्याळवाल्यांची डोकेदुखी सुरू होते. टायटॅनियम कापताना उष्णता धातूतून लवकर निघून जात नाही, ती हत्याराच्या टोकाशी साचते. हत्यारं लवकर झिजतात. बारीक कीस पेट घेऊ शकतो. घड्याळाच्या किमतीत कच्च्या धातूचा वाटा थोडा आणि या कामाचा वाटा मोठा असतो, हे लक्षात ठेवलं की ‘टायटॅनियम आहे म्हणून महाग’ या वाक्याचा खरा अर्थ कळतो.

मिळतं काय? सगळ्यात आधी हलकेपणा. घड्याळात वापरलं जाणारं ३१६एल स्टील घनसेंटिमीटरला सुमारे ८ ग्रॅम भरतं, टायटॅनियम साडेचार. म्हणजे त्याच मापाचा तुकडा जवळपास ४५ टक्के हलका. पण अख्खं घड्याळ ४५ टक्के हलकं होत नाही. आतली यंत्रणा, काच, डायल, काही वेळा चेनचं कुलूप, हे सगळं तसंच राहतं. रोलेक्सने २०२२ मध्ये ‘डीपसी चॅलेंज’ हे टायटॅनियमचं घड्याळ आणलं. ते ११,००० मीटरसाठी प्रमाणित आहे. २०१२ मध्ये चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेत, जगातल्या सगळ्यात खोल जागी, उतरले तेव्हा पाणबुडीच्या यांत्रिक हाताला जे प्रायोगिक घड्याळ बांधलं होतं, त्याच्यापेक्षा हे सुमारे ३० टक्के हलकं, असं कंपनी सांगते. विक्रेता कुणीही असो, अख्ख्या घड्याळाबद्दल ‘निम्म्या वजनाचं’ असं म्हणाला तर त्याने फक्त धातूचा हिशोब केलेला असतो.

हा हलकेपणा कागदावरच्या आकड्यापेक्षा मनगटावर जास्त मोठा वाटतो. जाड स्टीलचं डायव्हर घड्याळ दिवसभरात हळूहळू बाहेरच्या बाजूला कलंडतं. मग आपण चेन एक कडी घट्ट करतो, आणि दुपारच्या उकाड्यात मनगट फुगलं की ती रुतायला लागते. हलकं घड्याळ थोड्या सैल चेनवरही जागेवर राहतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या मे महिन्यात हा फरक फार जाणवतो. शिवाय ३१६एल स्टीलमध्ये १० टक्क्यांहून जास्त निकेल असतं. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, पण ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांना घामाच्या दिवसांत चेनखाली लाल चट्टे उठतात. घड्याळांत वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या टायटॅनियममध्ये निकेल मिसळलेलं नसतं. माझ्या मते, त्वचेची तक्रार असलेल्या माणसाने बाकी सगळी चर्चा बाजूला ठेवून टायटॅनियम घ्यावं.

ग्रेड २, ग्रेड ५ आणि ओरखडे

‘टायटॅनियम’ एवढंच लिहिलेलं पुरेसं नाही. घड्याळांत मुख्यतः दोन प्रकार येतात. ग्रेड २ म्हणजे जवळपास शुद्ध टायटॅनियम: रंगाने करडं, थोडं गडद, झगमग नसलेलं. ट्यूडर कंपनीचं ‘पेलागोस’ याच प्रकारातलं. ग्रेड ५ मध्ये साधारण ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेलं असतं. ते बरंच कठीण असतं आणि त्याला चकाकीही चांगली येते, पण ते घडवणं त्याहून अवघड.

कठीणपणा मोजण्याची व्हिकर्स नावाची पद्धत आहे. एक टोकदार हिरा ठरावीक जोराने दाबायचा आणि पडलेला खड्डा मोजायचा. ग्रेड २ आणि ३१६एल स्टील या मोजणीत एकमेकांच्या आसपासच येतात, दोन्ही साधारण दीडशे ते दोनशेच्या घरात. ग्रेड ५ साडेतीनशेच्या आसपास. नीलमण्याची, म्हणजे सफायर काच दोन हजारांच्या पुढे. तेव्हा ‘टायटॅनियम विमानात वापरतात, त्याला ओरखडा पडणार नाही’ ही समजूत सोडून दिलेली बरी. विमानात ते वजनाच्या मानाने मिळणाऱ्या ताकदीसाठी असतं. ताकद आणि ओरखड्याला दाद न देणं हे दोन वेगळे गुण आहेत.

ग्रेड २ वरचे ओरखडे गडद आणि लवकर नजरेत भरणारे असतात. पण त्यातले बरेचसे खरे ओरखडे नसतातच. टेबलाची कड, लॅपटॉपची बाजू, दाराची कडी यांचा अंश घासून पृष्ठभागावर बसलेला असतो. पांढरं खोडरबर मऊ हाताने, धातूवरच्या रेषांच्या दिशेनेच फिरवलं तर असे डाग पुष्कळदा निघून जातात. नाही निघाले तर तो खरा ओरखडा.

त्यावर उपाय म्हणून काही कंपन्या पृष्ठभाग कठीण करतात. जपानच्या सिटिझनची ‘ड्युराटेक्ट’ ही प्रक्रिया त्यातली प्रसिद्ध. अशा थरांचा कठीणपणा हजाराच्या घरात जातो. रोजच्या घासण्याला हे घड्याळ खरंच दाद देत नाही. मात्र थर पातळ आणि त्याच्याखालचा धातू तोच, मऊ. दगडावर जोरात आपटलं तर थरासकट खड्डा पडतो, आणि तो पॉलिश करून काढता येत नाही, कारण पॉलिश म्हणजे तो थरच घासून टाकणं. मी निवड करायची झाली तर रोज ऑफिसात, गाडीवर, बाजारात वापरायच्या घड्याळाला कठीण केलेला पृष्ठभाग घेईन. साधं ग्रेड २ घेणाऱ्याने ते खरचटणार हे गृहीत धरूनच घ्यावं. आणि कोपऱ्यावरच्या पॉलिशवाल्याकडे टायटॅनियम देऊ नये. स्टीलच्या सवयीने बफ मारला की कडा गोल होतात, मूळचा रेषांचा पोत जातो, आणि तो परत आणणं फार कमी लोकांना जमतं.

आता पाणी

समुद्रात दर १० मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. २०० मीटरवर पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे २० किलो. घड्याळाची काच ३० मिलिमीटर व्यासाची धरली तर तिच्यावर एकूण १४० किलोच्या पुढे भार येतो. जाड काच तो भार आरामात पेलते, धातूही पेलतो. प्रश्न असतो सांध्यांचा. पाणी आत शिरायच्या वाटा तीन: काचेची कड, मागचं झाकण आणि चावी, म्हणजे वेळ लावायचं बाजूचं बटण. या तिन्ही ठिकाणी गॅस्केट बसवलेलं असतं. झाकण आणि काच एकदा बसली की हलत नाहीत. चावी मात्र आपण ओढतो, फिरवतो, दाबतो, आणि कधीतरी पूर्ण बंद करायला विसरतो. म्हणून डायव्हर घड्याळांची चावी सहसा पेचाने आवळायची असते.

ती आवळायचीही एक रीत आहे. चावी नुसती दाबून लगेच उजवीकडे फिरवायला जाऊ नका. आधी हलकेच दाबून थोडी उलटी, डावीकडे फिरवा. एका क्षणी बोटाला बारीकसा ‘टक्’ जाणवतो: आटे एकमेकांच्या तोंडाशी आले. तिथून दाब कायम ठेवून उजवीकडे फिरवा. लोण्यासारखी गेली पाहिजे. अडली तर जोर करायचा नाही, मागे यायचं आणि पुन्हा तो ‘टक्’ शोधायचा. टायटॅनियमच्या बाबतीत हे स्टीलपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. टायटॅनियमवर टायटॅनियम दाबाखाली घासलं की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटून ओरबाडले जातात आणि आटे जाम होतात. ते टाळायला कंपन्या अशा ठिकाणी वेगळा धातू किंवा लेप वापरतात. ट्यूडरने २०१२ मध्ये आणलेल्या मूळ ‘पेलागोस’ला टायटॅनियमच्या बॉडीबरोबर स्टीलचं झाकण होतं. माहितीपत्रकात ‘टायटॅनियम आणि स्टील’ असं वाचलं की कंपनीने काटकसर केली असं लगेच समजू नये.

आता ती जागा, जिथे धातू आणि पाणी खरोखर भेटतात. झाकणाच्या गॅस्केटसाठी बॉडीत एक बारीक खाच असते. वर्षानुवर्षं समुद्रात किंवा घामात वापरलेल्या स्टीलच्या घड्याळात या खाचेच्या कडेला मीठ आणि ओल साचून राहते. स्टीलला गंज न चढण्याचं कारण म्हणजे त्याच्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा, आणि तो टिकायला ऑक्सिजन लागतो. बंद फटीत ऑक्सिजन पोहोचत नाही, मिठातलं क्लोराइड मात्र असतं. मग स्टीलला सुईने टोचल्यासारखे खड्डे पडतात. एकदा खाच अशी खडबडीत झाली की नवंकोरं गॅस्केट घातलं तरी ते नीट बसत नाही. टायटॅनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा काही नॅनोमीटरच जाड असतो, पण ओरखडा पडताच क्षणार्धात पुन्हा तयार होतो, आणि नेहमीच्या तापमानाच्या समुद्राच्या पाण्याला तो दाद देत नाही. त्यामुळे खाच गुळगुळीत राहते. टायटॅनियम पाणी अडवत नाही हे खरंच, पण पाणी अडवणाऱ्या रबराला ते वर्षानुवर्षं चांगलं बसायला देतं. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याला टायटॅनियम घ्यायचं याहून मोठं कारण मला दिसत नाही.

‘२०० मीटर’ या आकड्याबद्दल एक दंतकथा फार फिरते. पाण्यात हात मारला की दाब प्रचंड वाढतो, म्हणून २०० मीटरचं घड्याळ प्रत्यक्षात २० मीटरलाच चालतं, अशी. गणित करून पाहा. सेकंदाला दोन मीटर वेगाने हात फिरवला तर त्या वेगामुळे वाढणारा दाब पाण्याच्या साधारण २० सेंटिमीटर उंचीइतका असतो. उंचावरून सूर मारून सेकंदाला दहा मीटर वेगाने पाण्यात शिरलात तरी तो सुमारे पाच मीटरच. मग ३० मीटर लिहिलेलं नेहमीचं घड्याळ पोहायला का घालू नये म्हणतात? कारण ते ज्या मानकाखाली येतं, त्यात नमुन्यादाखल काही घड्याळं तपासली तरी चालतं, तीही नवी असताना. तिथे राखीव ताकद थोडी असते आणि चावी साधी ओढायची. उरलेलं काम वय, साबण आणि उष्णता करतात.

खऱ्या डायव्हर घड्याळासाठी आयएसओ ६४२५ हे वेगळं मानक आहे. त्यात पाणी रोखण्याची चाचणी प्रत्येक घड्याळाची व्हावी लागते, तीही लिहिलेल्या आकड्याच्या सव्वापट दाबाला. म्हणजे २०० मीटरच्या घड्याळाला २५० मीटरचा दाब, दोन तास. शिवाय खाऱ्या पाण्यात २४ तास, आपटण्याची चाचणी, चुंबकाची चाचणी, आणि पूर्ण अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता येणं. त्यातली मला सगळ्यात आवडणारी चाचणी अगदी साधी आहे. घड्याळ ४० ते ४५ अंश तापलेल्या पट्टीवर ठेवायचं, पूर्ण गरम होऊ द्यायचं, आणि काचेवर साध्या तापमानाच्या पाण्याचा एक थेंब सोडायचा. मिनिटभराने थेंब पुसायचा. काचेच्या आतल्या बाजूला धुकं दिसलं, तर आत ओल गेली आहे. घड्याळ नापास.

हेच आपल्याकडे नकळत रोज घडतं. पावसाळ्यात बाहेरून एसी गाडीत बसलात आणि काच आतून धूसर झाली, तर तीच चाचणी झाली. पण एक फरक ओळखायला हवा. घड्याळ कुणी जुलै महिन्यात, उघड्या दुकानात, दमट हवेत उघडून बंद केलं असेल, तर गॅस्केट उत्तम असूनही ती दमट हवा आत कोंडली जाते. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत २६ अंशांच्या आसपासच दव धरायला लागतं. एसीतलं तापमान त्याच्याही खाली. म्हणून सेलवर चालणारं डायव्हर घड्याळ उघडायचं असेल तर कोरड्या, एसी खोलीत काम करणाऱ्या, गॅस्केट बदलणाऱ्या आणि नंतर दाबचाचणी घेणाऱ्या ठिकाणीच द्यावं. स्टेशनबाहेरचा कारागीर सेल पाच मिनिटांत बदलून देतो आणि त्याचा हात कितीही सफाईदार असला, तरी त्याच्याकडे दाबचाचणीचं यंत्र नसतं. प्रकाशावर चार्ज होणाऱ्या घड्याळांचा मोठा फायदा मला हाच वाटतो: झाकण वर्षानुवर्षं उघडावं लागत नाही.

ही गरज कुणाची होती

१९६८ मध्ये जपानमधल्या हिरोशिमा प्रांतातल्या कुरे इथून एका व्यावसायिक पाणबुड्याने सेइको कंपनीला पत्र लिहिलं. ३०० मीटरहून खोल, दिवसेंदिवस दाबाखाली राहून चालणाऱ्या कामात बाजारातली घड्याळं टिकत नाहीत, ही त्याची तक्रार. असे पाणबुडे हेलियममिश्रित हवेत राहतात. हेलियमचे कण इतके छोटे की ते गॅस्केटमधून घड्याळात शिरतात, आणि वर येताना बाहेरचा दाब उतरला की आतला वायू काच उडवून देतो. काही युरोपीय कंपन्यांनी यावर हेलियम बाहेर सोडणारी झडप बसवली. सेइकोच्या इकुओ तोकुनागा यांच्या चमूने उलटा विचार केला: हेलियम आत जाऊच द्यायचा नाही. मागचं झाकणच नसलेली एकसंध बॉडी, एल आकाराचं गॅस्केट, बाहेरून संरक्षक आवरण, आणि खोलीवर दाबाने डायव्हिंगचा पोशाख आक्रसला तरी घट्ट राहणारा घड्यांचा पट्टा. हे घड्याळ १९७५ मध्ये, ६०० मीटरसाठी आलं आणि टायटॅनियमच्या बॉडीचं ते पहिलं डायव्हर घड्याळ मानलं जातं. टायटॅनियमचं पहिलं मनगटी घड्याळ सिटिझनने १९७० मध्येच आणलं होतं. १९८२ मध्ये स्विस आयडब्ल्यूसीने फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांच्या आराखड्यावरून २,००० मीटरचं टायटॅनियमचं घड्याळ केलं. पुढे जर्मन नौदलाच्या डायव्हर्सनी त्याचे प्रकार वापरले. सुरुंग निकामी करणाऱ्याच्या हातात चुंबकाला प्रतिसाद देणारी वस्तू असून चालत नाही.

आपल्यापैकी कुणाला यातलं काय लागतं? हौशी स्कूबात पहिल्या पातळीच्या प्रशिक्षणाची मर्यादा १८ मीटर, आणि एकूण हौशी डायव्हिंगची ४० मीटर. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. मालवणला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला पर्यटकांना नेतात ती खोली तर आणखी कमी. तेव्हा १०० मीटरचं खरं डायव्हर घड्याळही पुरून उरतं. हेलियमच्या झडपेसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. पाण्याखाली आज खरं काम डायव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं छोटं यंत्र, करतो आणि घड्याळ राखीव असतं. कॉम्प्युटर बंद पडला तर घड्याळावरून किती मिनिटं झाली एवढं कळलं तरी नीट वर यायला मदत होते.

मिनिटं मोजण्यासाठीच बेझल असते, काचेभोवतीची फिरणारी कडी. उतरताना तिची खूण मिनिटकाट्यासमोर लावायची. ती एकाच दिशेने फिरते, कारण चुकून धक्का लागून सरकली तर वेळ जास्त झाल्यासारखी दिसावी, कमी झाल्यासारखी कधीच नाही. हवा उरली आहे असा खोटा भरवसा जीव घेतो. ट्यूडरने २०२१ मध्ये फ्रेंच नौदलाच्या डायव्हर्ससाठी केलेल्या टायटॅनियमच्या ‘पेलागोस एफएक्सडी’ची बेझल मात्र दोन्ही बाजूंना फिरते आणि उलटी मोजते. पाण्याखाली दिशा धरून ठरावीक मिनिटं पोहायचं, मग वळायचं, अशा कामासाठी ती आहे.

पारखताना

दुकानात पहिल्यांदा बेझल फिरवा. प्रत्येक टप्पा स्पष्ट बसला पाहिजे आणि बोटाने मागे-पुढे हलवल्यावर ढिलाई जाणवता कामा नये. बोटं ओली करूनही पकड मिळते का पाहा. मग घड्याळ उजेडात धरून लगेच ओंजळीत झाका आणि काट्यांवरची चमक बघा. मिनिटकाटा आणि बेझलवरची खूण ही दोन सगळ्यात ठळक दिसायला हवीत. तासकाटा मंद असला तरी चालतं. चावी वर सांगितल्याप्रमाणे तीन-चारदा उघडून आवळा. खरखर वाटली तर दुसरा नग मागा.

धातू खरंच टायटॅनियम आहे का, हे चुंबकाने कळत नाही, कारण ३१६एल स्टीललाही चुंबक जवळपास चिकटत नाही. पण घरी तपासता येतं. चेनची काढलेली जादा कडी घ्या आणि तिच्यातली पिन बाहेर काढा, कारण पिन स्टीलची असू शकते. सोनाराकडे असतो तसा बारीक वजनकाटा घ्या. कडी आधी कोरडी तोला. समजा ३.६ ग्रॅम भरली. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा, आणि कडी दोऱ्याला बांधून, तळाला किंवा कडेला न टेकता, पाण्यात पूर्ण बुडवून धरा. काट्यावर दिसेल तो आकडा म्हणजे कडीने बाजूला सारलेलं पाणी. ०.८ दिसला तर ३.६ भागिले ०.८, साडेचार: टायटॅनियम. ०.४५ दिसला तर भागाकार आठ येतो: स्टील. कडीवर चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी बोटाने काढा, नाहीतर उत्तर चुकतं. जुनं घड्याळ घेताना ही परीक्षा फार उपयोगी पडते.

वापराची शिस्त थोडकीच आहे. समुद्रातून आलात की चावी बंद असल्याची खात्री करून नळाच्या गोड्या पाण्यात धुवा, आणि धुताना बेझल दोन-चार वेळा फिरवा म्हणजे खालची वाळू निघते. धातूला मिठाची भीती नसली तरी बेझलखालच्या स्प्रिंगला आणि चेनच्या पिनांना असते. गरम पाण्याने आंघोळ करताना घड्याळ काढून ठेवा, कारण उष्णता आणि साबण दोन्ही रबराचं आयुष्य कमी करतात. पोहायला वापरत असाल तर दाबचाचणी दर वर्षी करून घ्या. ती हवेच्या दाबाखाली, घड्याळ न भिजवताही होते.

जुन्या घड्याळाचा सौदा करताना चेनच्या स्क्रूंकडे जरूर बघा. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर कुणीतरी जाम झालेल्या आट्यांशी झटापट केलेली असते, आणि तुमच्या मापाला कडी काढताना तेच दुखणं तुमच्या वाट्याला येईल. मागच्या झाकणावर हत्यार घसरल्याच्या खुणा असतील तर ते कुठे उघडलं होतं, हे विचारा. शेवटच्या सर्व्हिसिंगचा आणि दाबचाचणीचा कागद मागा. तो नसेल, तर घड्याळ बाहेरून कितीही कोरं दिसलं तरी आत पाणी जाऊ शकतं असं धरून चाला आणि गॅस्केट बदलून, चाचणी करून घेण्याचा खर्च सांगितलेल्या किमतीतून वजा करूनच बोली लावा.